एक कव्हर, दोन लेख आणि कोणी न वाचलेला अंक: टाइमचं मे २०१९ चं प्रकरण

लोकसभेचे सातपैकी पाच टप्पे झालेले, १२ मे आणि १९ मेचे दोन टप्पे बाकी, आणि अशात १० मे २०१९ ला टाइम या अमेरिकन साप्ताहिकाचं नवं कव्हर आपल्याकडच्या फोनवर फिरायला लागलं. मोदींचं रेखाटलेलं चित्र आणि त्यावर ओळ, इंडियाज डिव्हायडर इन चीफ, म्हणजे भारतात फूट पाडणाऱ्यांचा म्होरक्या. गंमत अशी की महाराष्ट्रातलं मतदान २९ एप्रिललाच आटपलं होतं, म्हणजे हे कव्हर बघून इथलं एकही मत इकडचं तिकडे होणार नव्हतं, तरी सोसायटीच्या ग्रुपपासून टीव्हीच्या पॅनेलपर्यंत इथेही जी काही जुंपली ती बघण्यासारखी होती. अंकावर तारीख २० मेची होती. निकाल २३ मेला लागला, भाजपला एकट्याला ३०३ जागा, महाराष्ट्रात युतीला ४८ पैकी ४१.

हे प्रकरण नीट उलगडून बघावं असं मला बरेच दिवस वाटत होतं, कारण मीडिया विकला गेलाय, सगळे कुणाचे तरी आहेत, हे आपण रोज म्हणतो पण सहसा ते हवेत बोललेलं असतं, हातात धरून दाखवता येईल असं काही नसतं. इथे मात्र सगळं समोर आहे. कव्हर आहे, दोन्ही लेख आहेत, तारखा आहेत, कोण काय बोललं तेही आहे. आणि हे सगळं एकापुढे एक ठेवलं की दिसतं ते असं की टाइम पक्षपाती आहे की नाही हे भांडण जवळजवळ पूर्णपणे तो अंक न वाचता झालं. लोकांनी न्याय केला तो कव्हरच्या एका ओळीवर, लेखकाच्या वडिलांवर आणि अंक कधी आला त्यावर. आणि यातलं कव्हर आणि टायमिंग दोन्ही टाइमनेच लोकांच्या हातात दिलेलं होतं, त्यामुळे वाचकांना शहाणपण शिकवून टाइमला मोकळं सोडावं असं काही मला करायचं नाहीये.

आधी अंकात काय होतं ते बघू. कव्हरवर खरं तर एक नाही, दोन लेखांची नावं होती. मोठ्या अक्षरात आतिश तासीरचा लेख, आणि त्याच्या सोबतीला लहान अक्षरात इयान ब्रेमरचा, मोदी द रिफॉर्मर. ब्रेमर म्हणजे युरेशिया ग्रुप ही राजकीय जोखमीचा अंदाज देणारी अमेरिकन कंपनी चालवणारा माणूस, टाइममध्ये नियमित लिहिणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आर्थिक सुधारणांसाठी भारताला सध्या मोदींपेक्षा बरा माणूस दिसत नाही, जीएसटी, आधार, वीज, गॅस सिलिंडर, रस्ते वगैरे वगैरे. म्हणजे भाजपच्या प्रचारातले जे मुद्दे त्यातले बरेचसे एका अमेरिकन विश्लेषकाने टाइममध्ये लिहिलेले, त्याच अंकात, त्याच कव्हरवर जाहीर केलेले. आता सांगा, तुमच्या ग्रुपवर हा लेख कोणी टाकला होता का? आमच्या तरी नाही. भाजपवाल्यांनीसुद्धा नाही, हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. असं का, ते पुढे बघू.

तासीरचा लेख. त्याची सुरुवातच अशी की मोठ्या लोकशाह्यांपैकी पॉप्युलिझमला, म्हणजे लोकांच्या भावना चेतवणाऱ्या राजकारणाला, बळी पडलेला पहिला देश भारत. मग २०१४ ची लाट, गुजरात २००२, गोरक्षणाच्या नावाखाली झालेले खून, योगी आदित्यनाथांना मुख्यमंत्री करणं, रिझर्व्ह बँकेच्या बोर्डावर संघाच्या विचाराच्या गुरुमूर्तींना बसवणं. टीका कडक आहे, ती सौम्य होती असं कोणी म्हणत असेल तर त्याने वाचलेला नाही. पण त्याच लेखात काँग्रेसवरही कमी आसूड नाहीत. घराणेशाहीपलीकडे या पक्षाकडे द्यायला काही नाही असं तो म्हणतो, आणि राहुल गांधींना तर शिकवूनही न शिकणारं सामान्यपण अशा अर्थाची उपाधी देतो, की वाचून काँग्रेसवाल्याचं तोंड कडू व्हावं. इतका दुबळा विरोधक मिळाला हे मोदींचं नशीब, हेही आहे. काँग्रेसच्या लोकांनी जगाने बघा काय म्हटलंय म्हणून ते कव्हर मनसोक्त शेअर केलं तेव्हा त्यांच्या नेत्याबद्दल आत काय लिहिलंय याचा पत्ता बहुतेकांना नसावा, किंवा असेल आणि आत कोण बघतंय असा विचार केला असेल, आणि तो विचार अगदी बरोबर ठरला!

अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हे कव्हर सगळीकडे नव्हतंच. टाइम जगाच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी कव्हरं काढतं. मोदींचं कव्हर आशिया, युरोप वगैरे आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांना होतं, त्याच तारखेच्या अमेरिकन आवृत्तीवर एलिझाबेथ वॉरन होत्या, ज्या तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी झगडत होत्या. म्हणजे अमेरिका मोदींना काय म्हणते म्हणून जे आपण बघत होतो ते ओहायोतल्या माणसाला त्याच्या दुकानात दिसतच नव्हतं, त्याला वॉरनबाई दिसत होत्या, आणि त्याच्याकडे त्या बाईंवरून टाइम डावं आहे की नाही याची चर्चा चालू असणार. जगाने बघा काय म्हटलंय मधलं ते जग बऱ्यापैकी आपल्यासाठीच छापलेलं होतं.

आता प्रतिक्रिया. ११ मेला भाजपचे प्रवक्ते संबित पात्रा यांनी पत्रकार परिषद घेतली, रोख एकच, लेखक पाकिस्तानी, त्यामुळे यापेक्षा वेगळी अपेक्षा काय करणार. पुढे स्वतः पंतप्रधानही एका मुलाखतीत बोलले, की मासिक परदेशी आहे आणि लेखकाने स्वतःच सांगितलंय की तो पाकिस्तानातल्या राजकीय घराण्यातला आहे, त्याच्या विश्वासार्हतेबद्दल एवढं पुरे. तोपर्यंत विकिपीडियावर तासीरच्या पानात कोणीतरी घुसून तो काँग्रेसचा पीआर मॅनेजर असल्याचं घालून ठेवलं होतं आणि त्याचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फिरत होते, ते पुढे फॅक्ट चेकवाल्यांनी उघडं पाडलं पण तोपर्यंत ज्याला जे मानायचं ते मानून झालं होतं.

तासीरची खरी कहाणी या सगळ्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. जन्म लंडनचा, वाढला दिल्लीत, आई तवलीन सिंग, म्हणजे इंडियन एक्स्प्रेसमध्ये वर्षानुवर्षं कॉलम लिहिणाऱ्या आणि २०१४ च्या आसपास मोदींच्या बाजूने जोरात लिहिलेल्या पत्रकार. वडील सलमान तासीर, पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर, ज्यांना २०११ च्या जानेवारीत त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या कारण ते ईशनिंदा कायद्याच्या विरोधात बोलत होते. म्हणजे ज्या बापामुळे लेखक पाकिस्तानी ठरला तो बाप पाकिस्तानातल्या कट्टरांनी मारला, आणि ज्या आईने वाढवलं ती मोदींची बाजू घेणारी. यातून पक्षपात नक्की कोणत्या बाजूने मोजायचा हे मला खरंच सांगता येणार नाही, आणि लेखातलं एकही विधान यामुळे खरं किंवा खोटं होत नाही. पण जाता जाता एवढं म्हणतो, ब्रेमरही परदेशीच होता. मासिक परदेशी, लेखक परदेशी, आणि लेख मोदींच्या बाजूचा. भाजपने तो उचलून धरला नाही याचं कारण मला असं वाटतं की तो उचलला असता तर परदेशी मासिकाची लायकी ती काय, हा मुख्य मुद्दाच गेला असता. एका हाताने फेकायचं आणि दुसऱ्या हाताने उचलायचं हे एकाच आठवड्यात जमत नाही. सात वर्षांच्या अंतराने मात्र मस्त जमतं.

कारण आता २०१२ बघा. मार्च २०१२ मध्ये टाइमच्या कव्हरवर मोदीच होते, तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री, ओळ अशी की मोदी मीन्स बिझनेस, आणि खाली प्रश्न की हा माणूस देश चालवू शकेल का. मोदीसमर्थकांनी प्रश्न बाजूला ठेवून वरची ओळ मिरवली. मग जुलै २०१२, आशिया आवृत्ती, कव्हरवर मनमोहन सिंग आणि शब्द एकच, अंडरअचीव्हर, म्हणजे कुवतीपेक्षा कमी करून दाखवणारा. त्या दिवशी भाजपचे प्रवक्ते टाइमचे एवढे मोठे वाचक निघाले की विचारू नका, आता तर जगही म्हणतंय, असा सूर, आणि काँग्रेसची माणसं सांगत होती की याच टाइमने २००२ मध्ये वाजपेयींबद्दल काय लिहिलं होतं ते आठवा. म्हणजे तेव्हाच्या काँग्रेसचा युक्तिवाद आणि २०१९ च्या भाजपचा युक्तिवाद यात नावं बदलली की काम झालं. आउटलुकने तर त्याच महिन्यात ओबामांना कव्हरवर घेऊन त्यांनाच अंडरअचीव्हर म्हणून टाकलं, हे मात्र मला तेव्हाही आवडलं होतं, उत्तर द्यायचं तर असं द्यावं. मनमोहन सिंगांनी पुढे जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेत आजच्या मीडियापेक्षा इतिहास माझ्याबाबत जास्त दयाळू असेल असं म्हटलं, त्यात हे कव्हर त्यांच्या डोक्यात असेल की नसेल, पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा ज्यांनी ज्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा टाकलं त्यातल्या कित्येकांनी २०१२ मध्ये ते कव्हरही तितक्याच उत्साहाने टाकलं असणार.

मे २०१५ मध्ये पुन्हा टाइमवर मोदी, मुलाखतीसकट, व्हाय मोदी मॅटर्स. आणि डिसेंबर २०१६ ला टाइमच्या वाचकांच्या ऑनलाइन पोलमध्ये पर्सन ऑफ द इयर म्हणून मोदी पहिले आले, तेव्हा ज्यांनी रात्र रात्र लिंका पाठवून मतं गोळा केली त्यांना टाइम परदेशी आहे याचा काही त्रास झाल्याचं दिसलं नाही. संपादकांनी शेवटी ट्रम्पना निवडलं, मग थोडी कुरकुर झाली. इथे आपल्याकडचा अजून एक घोळ सांगतो, टाइमने फोटो छापला म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असं आपण धरून चालतो. १९३८ चा मॅन ऑफ द इयर हिटलर होता, आणि त्या कव्हरवर तो राक्षसी ऑर्गन वाजवत बसलेला एक छोटा माणूस दाखवलाय, वर चाकाला माणसं लटकतायत. बातमीवर सगळ्यात जास्त परिणाम कोणी केला, बरा किंवा वाईट, एवढाच त्यांचा निकष. पण आपल्याला परदेशी पाठीवर थाप हवी असते, आणि थाप हवी असलेल्या माणसालाच चपराक जास्त लागते, हे दोन्ही पक्षांना लागू.

बरं, मग वाचक ढोंगी आहेत का? मला नाही वाटत, निदान सगळे नाहीत. ज्याला मोदी आवडतात त्याला ते कव्हर खरोखरच अन्यायाचं वाटलं, तो नाटक करत नव्हता. यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९८२ मध्ये बैरूतच्या सब्रा आणि शातिला छावण्यांत हत्याकांड झालं, त्याच्या टीव्ही बातम्यांचे तुकडे स्टॅनफर्डमध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवले, काही इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या बाजूचे, बाकीचे मधले. १९८५ मध्ये निष्कर्ष छापून आला. बातम्या त्याच, सेकंदासेकंदाला त्याच, आणि दोन्ही बाजूंच्या पोरांना ठाम वाटलं की बातमी आपल्या विरोधात झुकलेली आहे. दोघांनाही असंही वाटलं की एखादा तटस्थ माणूस हे बघून आपल्या विरोधात जाईल. आणि मला सगळ्यात हादरवणारा भाग हा, की ज्यांना त्या विषयाची जास्त माहिती होती त्यांना पक्षपात जास्त दिसला, कमी नाही! कारण माहितीवाल्याला कळतं की काय काय सांगायचं राहिलं, आणि राहिलेलं नेमकं आपल्या बाजूचंच त्याच्या डोळ्यात भरतं.

हे मे २०१९ ला लावून बघा. मोदीसमर्थक म्हणतो उज्ज्वला कुठेय, शौचालयं कुठेत, विरोधक म्हणतो नोटाबंदीत रांगेत मेलेली माणसं किती ओळींत संपवली. दोघंही खोटं बोलत नाहीत. फक्त दोघांनीही अंक पालथा घातलेला नाही, कारण शेजारच्याच लेखात गॅस सिलिंडर होता की!

याच्या पुढचं एक काम गुंथर आणि श्मिट यांचं आहे, २००४ चं, जनुकीय बदल केलेल्या पिकांवरच्या वादाचं. मजकूर तोच ठेवून काहींना सांगितलं हा कॉलेजच्या मुलाचा निबंध आहे आणि काहींना सांगितलं ही पेपरात आलेली बातमी आहे. निबंध म्हणून वाचला तेव्हा कट्टर लोकांना तो फारसा खटकला नाही, पेपरातली बातमी म्हणून वाचला की लगेच विरोधी वाटला. म्हणजे राग नुसता मजकुरावर नसतो, हे किती लोक वाचणार आणि ते काय समजणार याच्या धास्तीवर असतो. टाइमचं भारतातलं वाचन किती, छापील अंक हातात घेतलेली माणसं तुमच्या ओळखीत किती, तुम्हीच आठवा. पण टाइम म्हटलं की जग वाचतं अशी आपली समजूत, आणि त्या समजुतीच्या मापाने राग. हेच वाक्य तासीरने स्वतःच्या फेसबुकवर लिहिलं असतं तर पात्रांना पत्रकार परिषद घ्यावी लागली नसती.

इथे मला आपल्याकडची साप्ताहिकं आठवतात. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं साधना, ते समाजवादी वळणाचं हे शेंबड्या पोराला माहीत. विवेक संघाच्या विचाराचं, लपवलंय कोणी? बाळासाहेबांचं मार्मिक १९६० ला निघालं ते तर व्यंगचित्रातून थेट नाव घेऊन ठोकायला. या कुठल्याच अंकावर पक्षपाती म्हणून आरडाओरडा होत नाही, आणि याचं कारण ते तटस्थ आहेत हे नाही, उलट पाटी दारावरच लावलेली आहे. विवेक वाचणारा समाजवादी मिसळ खाताना तिखट लागणार हे धरूनच बसतो. टाइमची अडचण ही की त्याला पाटी नको असते. आम्ही जगाची बातमी सांगतो असा बाणा, आणि कव्हर मात्र मार्मिकसारखं. मग वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं मला पूर्णपणे चूक वाटत नाही.

मधल्या काळात निकाल लागला, आणि या प्रकरणाचा सगळ्यात विनोदी अंक सुरू झाला. २८ मेला टाइमच्या वेबसाइटवर मनोज लाडवांचा लेख आला, मथळ्याचा अर्थ असा की कित्येक दशकांत कुठल्याही पंतप्रधानाने केला नाही इतका भारत मोदींनी एक केला. झालं, आपल्या चॅनेलांनी टाइमचा यू-टर्न म्हणून पट्ट्या चालवल्या. डिव्हायडर म्हणणाऱ्यांनीच आता युनायटर म्हटलं, निकालाने तोंडं बंद केली, टाइम झुकलं. समर्थक खूश, विरोधक म्हणायला लागले टाइमही विकलं गेलं. म्हणजे महिन्याच्या आत टाइम दोन्ही बाजूंच्या हिशोबात विकलं जाऊन झालं.

पण लाडवा कोण? ब्रिटनमधले, इंडिया इंक नावाच्या मीडिया कंपनीचे प्रमुख, आणि २०१४ मध्ये मोदींना पंतप्रधान करण्याच्या प्रचारमोहिमेतलं संशोधन आणि मेसेजिंग बघणाऱ्या टीमचे नेते. ही माहिती लपलेली नव्हती, लेखासोबतच्या परिचयातच दिली होती. म्हणजे तो टाइमचा लेख नव्हता, टाइममध्ये आलेला एका माणसाचा लेख होता, जसा तासीरचा होता, जसा ब्रेमरचा होता. पण टाइम म्हणतं असं एकदा वाचायची सवय लागली की तीन वेगळी माणसं तीन वेगळी मतं मांडतायत हे दिसतच नाही, एकच टाइम नावाचा बाबा दिसतो जो आधी शिव्या देतो आणि मग पाया पडतो. न्यूज चॅनेलमधल्या लोकांना बायलाइन, म्हणजे लेखावरचं लेखकाचं नाव, म्हणजे काय हे कळत नाही असं नाही हो, त्यांचा तर तो धंदा आहे, पण लाडवा यांनी मोदींची स्तुती केली ही बातमी होत नाही आणि टाइमने केली ही होते.

मग टाइम पक्षपाती होतं का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. टाइमच्या जन्मातच तटस्थपणा नाही. १९२३ ला हेन्री लूस आणि ब्रिटन हॅडन यांनी काढलं आणि लूसने पुढे ते राजरोसपणे स्वतःच्या मतांसाठी वापरलं. तो चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला, चीनचा तेव्हाचा सत्ताधीश चँग काय शेक याचा पक्का पाठीराखा, इतका की टाइमचा चीनमधला बातमीदार थिओडोर व्हाइट चँगच्या सरकारच्या भ्रष्टाचाराबद्दल जे लिहून पाठवायचा ते न्यूयॉर्कच्या टेबलावर बदलून छापलं जायचं, शेवटी १९४६ ला व्हाइट बाहेर पडला. याला म्हणतात खरा पक्षपात, बातमीदाराने डोळ्याने बघितलेलं ऑफिसात बसलेल्याने फिरवणं. लूसचं टाइम रिपब्लिकन बाजूचं, आजचं टाइम अमेरिकेतल्या शहरी लिबरल वळणाचं, २०१८ पासून मालक सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीवाले मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या पत्नी, १९ कोटी डॉलरला घेतलेलं. त्यामुळे त्यांच्या नजरेतून हिंदुत्वाचं राजकारण ट्रम्पच्या खणात जाऊन पडणार हे उघड होतं, आणि तासीरच्या पहिल्या ओळीत ते पडलंच. हा कल आहे, मी नाकारत नाही. पण कल असणं आणि काँग्रेसचं असणं यात फरक आहे, आणि मनमोहन सिंगांचं कव्हर डोळ्यासमोर असताना टाइम काँग्रेसच्या खिशातलं म्हणणारा माणूस फक्त स्मरणशक्ती कमी असल्याचं दाखवतो.

अंकापुरतं बोलायचं तर आतला मजकूर दोन बाजूंचा होता आणि कव्हर एका बाजूचं. दोन लेख समान वजनाचे मानले असते तर दोन्ही मथळे सारख्या अक्षरात येऊ शकले असते, चित्र तेच ठेवूनसुद्धा. पण तसं कव्हर फिरलं नसतं हे टाइमलाही माहीत. मला राग येतो तो इथे. तटस्थपणाचा पुरावा आत ठेवायचा आणि भांडणाची ओळ बाहेर, म्हणजे कोणी बोट दाखवलं तर पान उलटा म्हणायला मोकळे. आणि मतदानाचे दोन टप्पे बाकी असताना हा अंक काढणं, हे तर चालणारच, निवडणुकीत निवडणुकीवर नाही लिहायचं तर कधी लिहायचं, त्यात मला कट दिसत नाही. इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकाने तर एप्रिल २०१४ च्या अग्रलेखात सरळ सांगून टाकलं होतं की मोदी नकोत, काँग्रेसचं सरकार त्यापेक्षा कमी त्रासाचं. लोक चिडले, पण भूमिका काय याबद्दल कोणाला शंका राहिली नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये त्याच इकॉनॉमिस्टने काटेरी तारेवर कमळ असं इनटॉलरंट इंडियाचं कव्हर काढलं तेव्हा भाजपचे परराष्ट्र विभागप्रमुख विजय चौथाईवाले यांनी ब्रिटिश १९४७ ला गेले असं आम्हाला वाटलं होतं अशा आशयाचं ट्वीट केलं, ६० कोटी मतदारांनी यांचं ऐकलं नाही म्हणून यांचा जळफळाट. झोंबणारं उत्तर होतं आणि निदान मासिकाच्या भूमिकेला होतं, लेखकाच्या बापाला नव्हतं. इकॉनॉमिस्टमध्ये लेखकाचं नावच छापत नाहीत म्हणा, त्यामुळे बाप शोधायचा कुठे!

तासीरचं मात्र पुढे वाईट झालं. ७ नोव्हेंबर २०१९ ला गृहमंत्रालयाने जाहीर केलं की तो ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाला, पात्र नाही, कारण वडील पाकिस्तानी वंशाचे होते हे त्याने लपवलं. लेखाचा याच्याशी संबंध नाही हेही सांगितलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की वडील कोण हे त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय, साऱ्या जगाला माहीत, वाढवलं एकट्या भारतीय आईने, आणि इतकी वर्षं चाललं ते मे महिन्यानंतरच का खटकलं. २५० हून जास्त लेखकांनी पेन (PEN) या लेखकांच्या संघटनेच्या पत्रावर सह्या केल्या, सलमान रश्दी, मार्गारेट ॲटवुड, ओरहान पामुक वगैरे. नियमाचा कीस काढणं हे वकिलांचं काम, पण वाचकांच्या डोक्यात काय झालं ते मला दिसत होतं. मे महिन्यात पाकिस्तानी म्हणणाऱ्यांना वाटलं बघा, सरकारी कागदच निघाला. मे महिन्यात कव्हर फिरवणाऱ्यांना वाटलं बघा, लेख खरा होता म्हणूनच सूड घेतला. दोन्हीतलं एकही अनुमान लेखातल्या मजकुरावरून निघत नव्हतं.

२००२ मध्येही काहीसं असंच झालं होतं. टाइमचा दिल्लीतला प्रतिनिधी ॲलेक्स पेरी याने वाजपेयींची तब्येत, त्यांच्या डुलक्या, त्यांचं पिणं यावर लिहिलं, अस्लीप ॲट द व्हील असा प्रश्नार्थक मथळा, पंतप्रधान कार्यालयाने सगळं फेटाळलं आणि मग पेरीला त्याच्या पासपोर्टबद्दल चौकशीला बोलावणं आलं. मनमोहन सिंगांच्या कार्यालयानेही २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यावरच्या एका लेखावरून वॉशिंग्टन पोस्टला तक्रारीचं पत्र धाडलं होतं, म्हणजे चिडणं कोणाला चुकलेलं नाही, पण तिथे निदान पत्र मजकुराबद्दल होतं. वाजपेयींना खरंच डुलकी लागायची का, यावर तेव्हा नीट बोलणारे थोडे होते, पासपोर्टवर बोलणारे बरेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये ओसीआयच्या फॉर्मातल्या वडिलांबद्दलच्या रकान्यावर आठवडाभर चर्चा झाली, तासीरच्या बाजूने आणि विरोधात, आणि या सगळ्यात राहुल गांधींबद्दलची ती ओळ माझ्या पाहण्यात तरी कोणीच काढली नाही.